ओझोनचा ताळा

ओझोनच्या थराला पडलेल्या भोकाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते ती अशी. अमेरिकेचा उपग्रह वर्षानुवर्षं अंटार्क्टिकावरून फिरत होता, त्याला ओझोन घटलेला दिसतही होता. पण इतका कमी ओझोन असूच शकत नाही असं संगणकाला पढवून ठेवलेलं असल्यामुळे ते आकडे परस्पर केराच्या टोपलीत जात होते. शेवटी तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी बर्फात उभं राहून एका जुनाट यंत्राने ते भोक शोधलं आणि अमेरिकेची फजिती झाली. गोष्ट सांगायला सोपी, ऐकायला गोड, आणि शाळेतल्या भाषणापासून व्यवस्थापनाच्या वर्गापर्यंत कुठेही खपणारी. यंत्राच्या आहारी गेलेले एका बाजूला आणि हाताने काम करणारे दुसऱ्या बाजूला असा सामना लावला, की टाळ्या कुणासाठी वाजवायच्या हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. अडचण एवढीच की ती जवळजवळ प्रत्येक तपशिलात चुकीची आहे. आकडे टोपलीत गेले नव्हते. ते तीन शास्त्रज्ञ त्या वेळी केंब्रिजमधल्या कार्यालयात नोंदींचे ढीग उपसत होते. आणि अमेरिकी शास्त्रज्ञांना स्वतःच्या उपग्रहाबद्दल शंका आली ती जमिनीवरच्या, हाताने चालवलेल्या एका यंत्रामुळेच.

पूर्वी शाळेत बेरीज झाली की ताळा करायला लावत. वरून खाली मिळवत आलात तर आता खालून वर मिळवत जा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते वहीत लिहायचं. वातावरण मोजण्याचा सगळा इतिहास मला या ताळ्याचा इतिहास वाटतो. हवेचा आकडा शेकडो किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून आलेला असो की गच्चीवरच्या पेटीतून, तो एकटा असेपर्यंत निव्वळ आकडा राहतो. दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या साधनाने, शक्यतो दुसऱ्या माणसाने काढलेला आकडा त्याच्याशी जुळला की मगच त्याला वस्तुस्थितीचं वजन येतं. हवेच्या प्रदूषणाचे रंगीत नकाशे आज मोबाईलवर मिळतात, तेव्हा हे मुद्दाम सांगण्याची गरज आहे, कारण नकाशात ताळा दिसत नाही, फक्त रंग दिसतात.

ओझोन हा वायू १८४० च्या सुमारास बाझेलच्या ख्रिस्तियान शोनबाइनने वासावरून ओळखला आणि ग्रीक भाषेतल्या वास येण्याच्या क्रियापदावरून त्याचं नाव ठेवलं. डोक्यावर तो एकूण किती आहे हे कळायला आणखी ऐंशी वर्षं गेली. फाब्री आणि ब्यूसाँ या फ्रेंच जोडीने १९२० मध्ये दाखवलं की आकाशातला सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला पसरला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. या तीन मिलिमीटरांचा रोजचा हिशोब ठेवण्याचं वेड ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सनने घेतलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे आज एक डॉब्सन एकक. तीन मिलिमीटर म्हणजे ३०० डॉब्सन. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने जे यंत्र बसवलं, त्यात पुढे सुधारणा होत गेल्या, पण मूळ युक्ती बदलली नाही. सुमारे दीड मीटर लांबीची पेटी, आत स्फटिकाचे लोलक. सूर्यप्रकाश आत शिरला की लोलक त्यातले अतिनील रंग वेगळे करतात. त्यातला एक ओझोनकडून भरपूर शोषला जाणारा, दुसरा त्याच्या शेजारचाच पण ओझोन ज्याला फारसा अडवत नाही असा. दुसरा अर्थातच जोरदार असतो. त्याच्या वाटेत हळूहळू गडद होत जाणारी काचेची पट्टी सरकवायची आणि दोन्ही किरण सारखे होईपर्यंत वरची तबकडी फिरवायची. काटा डावीकडे उजवीकडे थरथरतो, शून्यावर येतो, तबकडीवरचा आकडा वहीत उतरतो. पुन्हा तबकडी, पुन्हा काटा. म्हणजे हे यंत्रसुद्धा थेट ओझोन मोजत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. ते दोन उजेडांचं गुणोत्तर मोजतं आणि ओझोन आपण त्यावरून काढतो. उपग्रह अनुमान करतो आणि जमिनीवरचा माणूस प्रत्यक्ष पाहतो, अशी जी विभागणी सहज केली जाते ती इथेच कोलमडते. अनुमान दोघांचंही असतं, वाटा तेवढ्या वेगळ्या.

या तबकडीच्या यंत्राआधी डॉब्सनकडे जी यंत्रं होती ती मोजकीच. १९२६ मध्ये ती वायव्य युरोपात मांडून झाली आणि १९२८ मध्ये जगभर पांगली. इजिप्तमधलं हेलवान, कॅलिफोर्नियातलं टेबल माउंटन, न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च, आणि आपल्याकडे कोडाईकनालची सौर वेधशाळा. त्या पहिल्या काळात छायाचित्राच्या काचांवर वर्णपट घेत आणि त्या काचा धुऊन मोजण्यासाठी ऑक्सफर्डला जात. कोडाईकनालने एक वेगळीच गोष्ट दाखवली. युरोपात ओझोन ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो, वसंतात सर्वात जास्त होतो. विषुववृत्ताजवळ मात्र तो बारा महिने कमीच आणि जवळजवळ स्थिर. ओझोन बनवणारं ऊन उष्ण कटिबंधात सर्वात जास्त, आणि ओझोनची पुंजी मात्र थंड प्रदेशात! वरच्या थरांतले वारे माल इथे तयार करून तिकडे नेऊन टाकतात, हा उलगडा पुढे झाला. पण कोडं पडण्यासाठी आधी एकाच मापाने मोजलेले दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवावे लागले होते.

त्याच १९२८ साली भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला पुणेकर अजूनही शिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, तरी यंत्रं आणि मोजमापं यांची पुण्यातली परंपरा टिकली. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांनी खात्यात असताना ओझोनच्या कामाला भारतात बैठक दिली. नंतर ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि आर. व्ही. करंदीकर यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हवामानशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात एक निबंध छापला. विषय होता, हवेतली धूळ आणि धुरकं डॉब्सनच्या मोजणीत कशी चूक घालतात. इंग्लंडच्या पावसाने धुतलेल्या हवेत ज्या गोष्टीकडे काणाडोळा करता येत होता, ती उत्तर हिंदुस्थानातल्या किंवा दख्खनच्या उन्हाळी आभाळाखाली करता येत नव्हती. धुळीचे कण दोन रंगांना सारखंच पांगवत नाहीत. तेवढ्या फरकाचा ओझोन यंत्र फुकट वाढवून किंवा घटवून दाखवतं. यावर उपाय म्हणजे किरणांच्या एका जोडीऐवजी दोन जोड्या घ्यायच्या आणि एकीतून दुसरी वजा करायची, म्हणजे धूळ दोन्हीकडून कटते. १९५७ पासून हीच दुहेरी जोडीची रीत जगभर प्रमाण ठरली. १९६० च्या दशकात पुण्यात अ‍ॅना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बनावटीचा ओझोनसोंड केला. फुग्याला बांधून सोडला की तो वर जाता जाता उंचीगणिक ओझोन सांगतो. त्या सगळ्या उंचींची बेरीज जमिनीवरच्या डॉब्सनच्या आकड्याशी लावून पाहायची, असा तेव्हाचा शिरस्ता होता. ताळा हा असा कामाच्या सवयीतच होता, त्यासाठी वेगळी समिती नव्हती.

अंटार्क्टिकाच्या हॅली तळावर डॉब्सनचं यंत्र १९५६ मध्ये पोचलं, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या तयारीत. पहिल्या वसंतातले, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे ऑक्सफर्डला कळले तेव्हा डॉब्सनला वाटलं की यंत्र तरी बिघडलंय किंवा मोजणाऱ्याची काहीतरी मोठी चूक होतेय. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गनवरून जी अपेक्षा होती तिच्यापेक्षा ते सुमारे १५० एककांनी कमी होते. नोव्हेंबरात एकदम चढले. पुढच्या वर्षी पुन्हा तोच क्रम दिसला, तेव्हा त्याने मान्य केलं की दक्षिण ध्रुवाची हवाच निराळ्या चालीची आहे. ही आठवण त्याने १९६८ मध्ये लिहून ठेवली, आणि पुढे काही संशयात्म्यांनी तिचं भांडवल केलं: पाहा, भोक १९५६ लाच होतं, फ्रीजच्या आणि फवाऱ्यांच्या वायूंना उगाच बदनाम केलं. हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण वजाबाकी केली की विरतो. उत्तरेची अपेक्षा साडेचारशेच्या घरातली होती. त्यातून दीडशे गेले की उरतात तीनशे, आणि तीनशे हा अंटार्क्टिकाचा तेव्हाचा निरोगी आकडा. दुसरा आक्षेप फ्रेंच तळाच्या १९५८ च्या नोंदींवर उभा होता. द्युमाँ द्युर्व्हिल इथे चंद्राच्या आणि ताऱ्यांच्या उजेडात, फोटोच्या काचांवर काढलेले काही आकडे फारच खाली होते. १९९४ मध्ये पॉल न्यूमन यांनी ते त्याच वर्षाच्या इतर अंटार्क्टिक तळांच्या डॉब्सन-नोंदींशी ताडून पाहिले. शेजारी कुणीच साक्ष देईना. एकटा आकडा निकालात निघाला. दोन्ही आक्षेप मोडले ते मोठ्या सिद्धान्ताने नाही, चाळीस वर्षं जपलेल्या वह्यांनी.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी हिशोब मांडला की क्लोरोफ्लुरोकार्बन वायू खाली कशातही न विरघळता वर जातात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खात सुटतो. आता प्रश्न मोजण्याचा होता. २४ ऑक्टोबर १९७८ ला निम्बस-७ उपग्रह गेला, त्यावर टॉम्स नावाचं ओझोनचा नकाशा काढणारं यंत्र होतं. डॉब्सनच्या यंत्राकडे येतो तो खाली उतरलेला उजेड. टॉम्सकडे ढगांवरून, बर्फावरून आणि हवेतून उलटा फेकलेला उजेड. त्यावरून ओझोन काढायचा तर आधी कोष्टकं हवीत: अमुक अक्षांशावर, सूर्य इतक्या उंचीवर, ओझोनची मांडणी अशी असेल तर वर इतका उजेड येईल. ही कोष्टकं बनवताना ओझोनची मांडणी घेतली जाते ती फुग्यांच्या आणि जमिनीवरच्या जुन्या अनुभवावरून. म्हणजे उपग्रह पाठ करून जातो ते खालच्या माणसांनी लिहिलेले पाढे. पाढ्यात नसलेली गोष्ट समोर आली की त्याने काय करायचं? टॉम्सच्या बाबतीत ठरलेलं होतं: १८० डॉब्सनच्या खाली आकडा गेला तर त्यावर शंकेची खूण करायची. खूण करायची, पुसायचा नाही. दंतकथेचं सगळं बांधकाम या एका क्रियापदाच्या गफलतीवर उभं आहे.

आता केंब्रिज. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या जोसेफ फार्मन यांनी हॅलीची मोजणी पंचवीसेक वर्षं चालू ठेवली होती, आणि दरवर्षी तेच ते मोजून मिळतं काय असा प्रश्न त्यांना विचारला जात होता. प्रश्न अगदीच अन्याय्य नव्हता. पैसे मर्यादित असतात आणि न बदलणारा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. नोंदी हाताने लिहिलेल्या, हिशोब साठलेले. ते संगणकात भरण्याचं काम तरुण जोनाथन शँकलिन यांच्याकडे आलं. संस्थेत लोकांना दाखवण्याचा दिवस होता आणि शँकलिन यांना एक आलेख लावायचा होता: सध्या फवाऱ्यांच्या डब्यांवरून आणि काँकॉर्ड विमानावरून जी ओरड चालू आहे ती फोल आहे, ओझोन वीस वर्षांपूर्वी होता तसाच आहे. आलेख काढायला घेतला आणि तो दिलासा देईना. वसंताचे आकडे उतरत चालले होते. तरीही लगेच छापलं नाही. यंत्र जुनं होतं, तेव्हा दुसरं नेऊन ताडलं. आर्जेंटाइन बेटांवरच्या आपल्या दुसऱ्या तळाच्या नोंदी शेजारी लावल्या. मग १६ मे १९८५ च्या 'नेचर'मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध आला: ऑक्टोबरची सरासरी ३०० च्या आसपासून २०० च्या आसपास उतरली आहे. आदल्या वर्षी ग्रीसमधल्या ओझोन परिषदेत जपानच्या श्योवा तळाचे शिगेरू चुबाची यांनी १९८२ च्या वसंतातले असेच कमी आकडे मांडले होते. फारसं कुणी वळून पाहिलं नाही. चुबाची यांचं मोजमाप बरोबर होतं. मागे लांबलचक मालिका उभी नव्हती, म्हणून ते सुटं पडलं. याला मी दुर्दैवच म्हणेन.

तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं? गोडार्ड अवकाश केंद्रात टॉम्सच्या आकड्यांवर काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन भरतिया आणि त्यांचे सहकारी यांच्या १९८४ मध्येच लक्षात आलं की शंकेच्या खुणा ऑक्टोबरात, अंटार्क्टिकावर, एका ठिकाणी दाटून आल्या आहेत. त्यांनी जे करायला हवं तेच केलं, ताळा करायला घेतला. अंटार्क्टिकाच्या मधोमध, नेमक्या दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळावर डॉब्सनचं यंत्र होतं. त्याच्या नोंदी काढल्या तर तिथे ओझोन ३०० च्या घरात! उपग्रह म्हणतो १८० च्या खाली, जमीन म्हणते सगळं ठीक. अशा वेळी जाणता माणूस कुणाची बाजू घेईल? जमिनीची, आणि तशी शंका उपग्रहावर गेली. पुढे निघालं ते असं की ध्रुवावरच्या त्या डॉब्सनचीच मांडणी चुकीची होती, तो भलत्याच तरंगलांबीवर लावलेला होता. गोडार्डच्या मंडळींनी ऑगस्ट १९८५ च्या प्राग परिषदेसाठी आपला सारांश पाठवून ठेवलेला होता. फार्मन यांचा निबंध आधी आला, एवढंच. या प्रसंगातून जमिनीवरचं यंत्र श्रेष्ठ असं सिद्ध होत नाही, हे उघड आहे. उलट इथे जमिनीने उपग्रहाला खोटं पाडलं आणि खोटी जमीनच होती. माझ्या म्हणण्याला हा धक्का आहे का? मला तसं वाटत नाही. दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा ताळा चुकतो, आणि चूक वरच्या बेरजेत आहे की खालच्या, हे तो सांगत नाही. तिसरी बेरीज लागते. हॅलीची ती तिसरी बेरीज होती.

आणि हॅलीचं तरी एकट्याने भागलं असतं का? फार्मन यांच्या हातात डोक्यावरचं आभाळ होतं, दोन तळांपुरतं. घट एका तळावरची आहे की खंडभराची, हे केंब्रिजमधून सांगता येत नव्हतं. ते सांगितलं टॉम्सने. साठवून ठेवलेले, खुणा केलेले, न फेकलेले आकडे परत काढले तेव्हा अख्ख्या खंडावर पसरलेला तो खड्डा वर्षागणिक खोल होताना दिसला. निबंधाच्या शीर्षकात भोक हा शब्द नव्हता. तो आला नकाशा दिसल्यावर. खरं तर ते भोक नव्हेच, थर विरळ झाला आहे. पण चित्र पाहणाऱ्याला दुसरा शब्द सुचणं कठीण होतं. १९८७ च्या वसंतात चिलीच्या पुंता अरेनासहून उडालेल्या संशोधन विमानाने क्लोरीनचं संयुग वाढतं तिथेच ओझोन घटतो हे थेट दाखवलं. त्याच सप्टेंबरात माँट्रियल करार झाला, आणि भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. रंगीत नकाशाशिवाय राजकारणी इतक्या लवकर हलले असते असं मला वाटत नाही.

मग उपग्रहाला एकदा वाट सापडली म्हटल्यावर जमिनीवरची उठाठेव बंद करायला काय हरकत, हा आक्षेप गंभीर आहे, कारण तो खर्चाचा आहे. त्याचं उत्तर त्याच उपग्रहाने दिलं. परतणारा उजेड मोजायचा तर मुळात सूर्याचा उजेड किती हेही ठाऊक हवं. त्यासाठी यंत्रासमोर एक मंद पृष्ठभागाची तबकडी येते आणि तिच्यावरून परावर्तित होणारं ऊन मोजलं जातं. ती तबकडी अतिनील उन्हात वर्षानुवर्षं तापून काळवंडते. तबकडी काळवंडली की हिशोब बिघडतो, आणि जिथे ओझोन घटलेला नाही तिथेही घटलेला दिसू लागतो. १९८० च्या मध्यावर निम्बस-७ च्या आकड्यांवरून जगभर ओझोन झपाट्याने आटतोय असा निष्कर्ष निघत होता. तेव्हा नेमलेल्या ओझोन प्रवाह मंडळाने मार्च १९८८ मध्ये निवाडा दिला: घट खरी आहे, पण उपग्रह सांगतो तेवढी नाही, काळवंडणाऱ्या तबकडीचा भाग वेगळा काढायला हवा. तो काढला कशाने, तर जगभरच्या डॉब्सन यंत्रांच्या नोंदींनी, आणि त्यांचीही आधी फेरतपासणी करून. अवकाशातल्या यंत्राची पट्टी झिजली तर ती घासायला कुणी वर जात नाही. याउलट चूक फळाला आल्याचीही उदाहरणं आहेत. १९८२ मध्ये मेक्सिकोचा एल चिचोन ज्वालामुखी फुटला तेव्हा टॉम्सला त्यावर भलताच जास्त ओझोन दिसला. आर्लिन क्रूगर यांनी ओळखलं की तो गंधकाचा डायऑक्साइड आहे, कारण तोही त्याच किरणांना अडवतो. तेव्हापासून ज्वालामुखीचा गंधक आकाशातून मोजायची वाट उघडली.

आजची यंत्रं निम्बसपेक्षा कितीतरी तल्लख आहेत, हेही खरं. १३ ऑक्टोबर २०१७ ला गेलेल्या सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी नायट्रोजन डायऑक्साइड इतक्या बारकाईने पाहतं की सिंगरौलीचे औष्णिक वीजप्रकल्प नकाशावर ठिपक्यासारखे उठून दिसतात. तरीही ताज्या काळातली सर्वात मोठी चोरी पकडली ती जमिनीने. सीएफसी-११ या बंदी घातलेल्या वायूचं प्रमाण घटण्याचा वेग २०१२ नंतर मंदावल्याचं हवाईच्या मौना लोआसारख्या दूरच्या ठाण्यांवर बाटल्यांत भरलेल्या हवेतून दिसलं. स्टीफन माँट्झका आणि सहकाऱ्यांनी ते २०१८ मध्ये जाहीर केलं. कुठून येतोय हे पुढच्या वर्षी दक्षिण कोरियाच्या गोसान आणि जपानच्या हातेरुमा या ठाण्यांवरून ठरलं: पूर्व चीन, मुख्यतः शान्तुंग आणि हबेई प्रांत, वर्षाला सुमारे ७,००० टनांची वाढ. वायू इतका विरळ असतो की असल्या गळतीचा गाव उपग्रहातून शोधणं दुरापास्त. दोन बेटांवरचे ठाणेदार आणि वाऱ्याची दिशा यांनी तो शोधला.

आपल्या हवेचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण ओझोनचा थर वर असतो आणि आपण श्वास खाली घेतो. उपग्रह धूलिकण मोजतो म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतच्या सबंध खांबातला उजेडाचा झाकोळ मोजतो. ज्या धुरक्याला रामनाथन आणि करंदीकर चूक समजून वजा करत होते, तेच आता मोजायचं आहे. पण खांबातला किती भाग नाकासमोर आहे हे झाकोळ सांगत नाही. हवा दमट असली की कण फुगतात आणि तेवढ्याच धुळीचा झाकोळ वाढतो. कोकणात जून ते सप्टेंबर ढगांमुळे उपग्रह जवळजवळ आंधळा असतो. ट्रोपोमी दुपारी दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातो. हिवाळ्यातली मुंबईची हवा सर्वात जड असते ती पहाटे, थंड हवेचं झाकण खाली बसलेलं असताना, आणि दीड वाजेपर्यंत ऊन आणि समुद्रवारा यांनी ती बरीचशी ढवळून टाकलेली असते. म्हणून कानपूरला २००१ पासून, पुण्याला २००४ पासून सूर्याकडे रोखलेली स्वयंचलित प्रकाशमापकं आहेत. म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दिल्लीत २०१० मध्ये आणि नंतर पुणे-मुंबईत रस्त्याकडेला 'सफर'ची ठाणी मांडली. यावर कुणी म्हणेल, शहरांना ठाणी मिळाली, मराठवाड्यातल्या किंवा गडचिरोलीतल्या चुलीच्या धुराचं काय. तिथे उपग्रहाचा अंदाज हाच एकमेव आकडा, मग तो नाकारायचा? नाकारू नये. पण अंदाज ज्या ठिकाणी ताडला गेलाच नाही, तिथला रंग आणि पुण्यातला रंग नकाशावर सारख्याच ठामपणे छापणं मला अप्रामाणिक वाटतं. अशा जिल्ह्यांत एकेक साधं ठाणं दहा-वीस वर्षं चालू ठेवणं हे आणखी एका रंगीत पोर्टलपेक्षा उपयोगाचं, आणि त्याचं उद्‌घाटन करायला मंत्री येणार नाहीत हेही ठरलेलं.

हॅलीच्या बर्फाला तडे वाढू लागल्यामुळे तळ हलवावा लागला आणि २०१७ पासून तिथे हिवाळ्यात कुणी राहत नाही. वीज एक लहानसं टर्बाइन पुरवतं आणि तबकडी मोटरीने फिरते. ऑगस्टच्या अखेरीस सूर्य मोजण्याइतका वर येतो, काटा शून्याकडे सरकतो, आकडा उपग्रहामार्फत केंब्रिजला जातो. उन्हाळ्यात माणसं पोचतात तेव्हा यंत्र जागेवर आहे ना, काचेची पट्टी सरकली नाही ना, हे ज्ञात उजेडाच्या दिव्यासमोर धरून पाहतात, आणि मग मागच्या हंगामाचे आकडे पक्के करतात.